एका दिवसात बसणारी पोर्सेलिनची कॅप की लॅबमधून येणारी? पहिल्यांदा कॅप बसवणाऱ्यांसाठी

रूट कॅनल संपलं, ठणका थांबला, आणि डॉक्टर म्हणाले, "आता यावर कॅप लागेल." इथून पुढे आपल्या खान्देशातल्या माणसाचा पहिला प्रश्न बहुतेक ठरलेला असतो: "डॉक्टर, एकाच दिनमा व्हई जाई का?" प्रश्न रास्त आहे. धडगावहून नंदुरबारला यायचं किंवा चोपड्याहून जळगावला जायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो. रोजंदारी बुडते, सोबत येणाऱ्याचीही बुडते. आणि आता काही दवाखान्यांत तोंडातच स्कॅन करून, मशीनवर कोरून, त्याच दिवशी पोर्सेलिनची कॅप बसवून देतात, हे लोकांच्या कानावर आलेलं आहे.

तरीही दातांची डॉक्टर म्हणून समोर बसलेल्या प्रत्येकाला मी आधी एकच सांगते. एक दिवस की आठ दिवस, हा दुसरा प्रश्न. दाढ किती शिल्लक आहे आणि तिच्यावर कशाची कॅप टिकेल, हा पहिला. पहिल्याचं उत्तर नीट मिळालं की दुसऱ्याचं सहसा त्यातच असतं.

आधी दाढेचा हिशेब

कॅप बसवायला दात चारी बाजूंनी आणि वरून घासून बारीक करावा लागतो, आणि घासलेला दात परत वाढत नाही. म्हणून कॅप खरंच लागते का, हे डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा. विचारल्याचा राग येत असेल तर दुसरा दवाखाना बघा.

रूट कॅनल झालेल्या चावायच्या दाढांना कॅप जवळपास नेहमीच लागते. किडीने पोखरलेली, वरून भोक पाडलेली दाढ चावताना दोन्ही बाजूंना फाकते आणि एखाद्या दिवशी साध्या शेंगदाण्यावर उभी चिरते. चीर मुळापर्यंत गेली तर दाढ काढण्यावाचून इलाज नसतो. रूट कॅनलला घातलेले पैसेही गेले. "कापूस विकला की करू", "अक्षय तृतीया होऊन जाऊ दे" असं म्हणत महिनेच्या महिने जातात, ठणका नसल्यामुळे दाढेची आठवणही येत नाही, आणि मग ती थेट दोन तुकडे होऊनच माझ्याकडे येते. हे इतक्यांदा बघितलंय की मी हात जोडून सांगते, रूट कॅनल झाल्यावर काही आठवड्यांतच कॅपचं काम उरकून घ्या. पुढच्या दाताचं तसं नाही. मागून छोटं भोक आणि बाकी दात शाबूत असेल तर चांगलं फिलिंगसुद्धा पुरतं. एखाद्या दाढेच्या भिंती मजबूत असतील तर फक्त चावायची बाजू झाकणारा अर्धा तुकडाही बसवता येतो. त्याला ऑनले म्हणतात, आणि त्यात दात कमी घासावा लागतो.

मग हिरडीच्या वर निरोगी दाताची भिंत किती उरली आहे ते बघायचं. चहूबाजूंनी साधारण २ मिलिमीटर उंचीची भिंत असेल तर कॅपला धरायला जागा मिळते. ती नसेल तर आधी मुळाच्या आत पोस्ट, म्हणजे आधाराची छोटी काडी, बसवून दात उभारावा लागतो किंवा हिरडीची कड थोडी खाली घ्यावी लागते. अशा दाढेला "आजच्या आज" करून द्या म्हणून गळ घालू नका.

हिरडीही बघायची. सुजलेल्या, हात लावला की रक्त येणाऱ्या हिरडीजवळ ना माप नीट येतं, ना स्कॅन. कॅमेऱ्याला जे दिसतं तेच मशीन कोरतं. दाताच्या कडेवर रक्ताचा थेंब असेल तर मशीनच्या लेखी तिथे कड नाही. आधी दात साफ करून घ्या, हिरडी बरी होऊ द्या. यात आठवडा गेला तरी तो वाया गेला असं समजू नका.

लॅबची पद्धत: दोन फेऱ्या आणि मधली कॅप

ही पद्धत आपल्या ओळखीची आहे. पहिल्या फेरीत डॉक्टर दाढ बधिर करतात, घासतात, आणि ट्रेमध्ये पुट्टी भरून तोंडात दाबून धरतात. ती घट्ट झाली की दातांचा उलटा ठसा मिळतो. समोरच्या जबड्याचं माप आणि दोन्ही जबडे कसे मिळतात याचीही नोंद घेतात. दाताचा रंग शेड गाईडच्या पट्टीशी जुळवून लिहितात; ए-२, ए-३ असे ते रंग असतात. मग घासलेल्या दाढेवर प्लास्टिकची तात्पुरती कॅप बसते आणि माप लॅबला जातं. लॅब जळगाव-धुळ्याची असो की नाशिक-सुरतची, साधारण आठवडाभर धरून चाला. दुसऱ्या फेरीत तात्पुरती कॅप काढून पक्की लावून बघतात, चावा जुळवतात आणि सिमेंटने चिकटवतात.

यातली कमजोर कडी म्हणजे मधला आठवडा. तात्पुरती कॅप मुद्दाम कच्च्या सिमेंटवर बसवलेली असते, कारण ती काढायचीच असते. चिकट खाल्लं की ती निघते. गुळाची चिक्की, खोबऱ्याच्या वड्या, च्युइंगम हे तिचे वैरी. निघाली आणि तुम्ही "आठच दिवस आहेत" म्हणून तशीच ठेवली, तर शेजारचे दात किंचित सरकतात, हिरडी वर चढते, आणि लॅबची बरोबर मापाची कॅपही बसेनाशी होते. त्यामुळे तात्पुरती कॅप निघाली की त्याच दिवशी फोन करा. त्या बाजूने चावू नका. फ्लॉस वापरत असाल तर दोरा वर न ओढता बाजूने सरकवून काढा.

या पद्धतीची ताकद म्हणजे लॅबमधला माणूस. धातूची पूर्ण कॅप, आत धातू आणि वर पोर्सेलिन असलेली कॅप, थरांवर थर चढवून रंगवलेला पुढचा दात, चार-पाच दातांचा ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधाराने गेलेल्या दाताची जागा भरणाऱ्या जोडलेल्या कॅप), हे सगळं तिथे होतं. धातूवर पोर्सेलिन भाजलेली कॅप १९६० च्या दशकापासून जगभर वापरात आहे आणि तिचा अनुभव मोठा आहे.

एक गोष्ट मात्र नक्की विचारून घ्या. आपल्याकडे बऱ्याच दवाखान्यांत नुसतं "सिरॅमिक कॅप" म्हटलं की तिच्या आत निकेल-क्रोमियम किंवा कोबाल्ट-क्रोमियम धातू असतो. तसं असण्यात गैर काही नाही, पण तुम्हाला ते माहीत हवं. ज्यांना खोट्या दागिन्यांनी कानाला, गळ्याला खाज सुटते त्यांनी हे डॉक्टरांना आवर्जून सांगावं. निकेलची अ‍ॅलर्जी असेल तर आतला धातू बदलावा लागतो किंवा बिनधातूची कॅप घ्यावी लागते.

एका दिवसाची पद्धत: खुर्चीवर नेमकं काय होतं

ही कल्पना तशी नवी नाही. झुरिच विद्यापीठातले दंतवैद्य वर्नर म्योरमान आणि अभियंता मार्को ब्रांदेस्तिनी यांनी ती उभी केली आणि १९८५ मध्ये पहिल्या रुग्णाच्या दातात तसा तुकडा बसवला. सेरेक या नावाने ते यंत्र पुढे जगभर गेलं. सुरुवातीला त्यावर फक्त छोटे तुकडे, म्हणजे इनले, होत. पूर्ण कॅप पुढे जमू लागली. आज अशी यंत्रं इतर कंपन्यांचीही मिळतात.

त्या दिवशीचा क्रम असा असतो.

१. रंग आधी बघतात. दात घासायला घेतल्यावर तोंड उघडं राहून वाळतं, आणि वाळलेला दात खऱ्यापेक्षा पांढरा दिसतो. बसल्या बसल्या, शक्यतो खिडकीच्या उजेडात रंग ठरवला तरच तो खरा. लिपस्टिक लावली असेल तर पुसून बसा.

२. बधिर करून दाढ घासतात. काठ गुळगुळीत आणि कोपरे गोल ठेवावे लागतात, कारण मशीनचं कोरायचं टोक ठरावीक जाडीचं असतं. त्याहून बारीक खाच त्याला जमत नाही.

३. हिरडी बाजूला करायला दाताभोवती बारीक दोरा सारतात, दात कोरडा करतात आणि पेनाएवढा जाड कॅमेरा दातांवरून फिरवतात. पडद्यावर तुमची दाढ उभी राहते. पुट्टीच्या ट्रेने ज्यांना उलटी येते त्यांना हा भाग फार सोपा जातो.

४. डॉक्टर संगणकावर कॅपचा आकार ठरवतात. यंत्र पहिला आकार सुचवतं. तो तसाच न घेता समोरच्या दातांशी जुळवून सुधारणं हे डॉक्टरांचं काम.

५. पोर्सेलिनचा घट्ट ठोकळा मशीनला लावतात. पाण्याच्या फवाऱ्याखाली हिऱ्याची टोकं तो कोरतात. साधारण दहा-पंधरा मिनिटं लागतात.

६. भाजणं, लावून बघणं, चिकटवणं.

कोरून झाल्यावर, सहाव्या पायरीत, एक बघण्यासारखी गोष्ट घडते. लिथियम डायसिलिकेट नावाच्या काचेसारख्या पोर्सेलिनचा ठोकळा जांभळट निळा असतो. मशीनमधून निघालेली तुमची दाढही जांभळी! पहिल्यांदा बघणारे घाबरतात, "हीच बसवणार का?" म्हणून विचारतात. या अवस्थेत ते पोर्सेलिन मऊ असतं, म्हणूनच चटकन कोरता येतं. डॉक्टर ती जांभळी कॅप एकदा दाढेवर लावून बघतात आणि मग छोट्या भट्टीत ठेवतात. साधारण ८५० अंश सेल्सिअसला, वीस-पंचवीस मिनिटांत, आतले स्फटिक बदलतात, ताकद कितीतरी वाढते आणि रंग दाताचा होतो. भट्टीचं दार उघडल्यावर ती हस्तिदंती दाढ बघून रुग्णाच्या सोबतच्यांचे चेहरे खुलतात, मला तो क्षण अजूनही आवडतो.

सगळं मिळून दोन ते चार तास. म्हणजे सकाळच्या गाडीने आलेला माणूस संध्याकाळच्या गाडीने परत जाऊ शकतो, पण "तासाभरात मोकळे" अशी आशा ठेवून येऊ नका.

पोर्सेलिन कुठलं, हे दिवसांपेक्षा मोठं

एका दिवसाची कॅप म्हणजे एकच वस्तू नव्हे. वाकवल्यावर किती ताण सोसते हे मेगापास्कलमध्ये मोजतात. साध्या फेल्डस्पारच्या पोर्सेलिनचा ठोकळा शंभर-दीडशेच्या आसपास असतो. दिसायला सुंदर, पण जोरात चावणाऱ्या दाढेवर मी तो वापरत नाही. लिथियम डायसिलिकेट साडेतीनशे ते पाचशेच्या घरात, आणि ते दाताला रेझिनने, म्हणजे दाताला घट्ट धरणाऱ्या खास सिमेंटने, नीट चिकटवलं की दोघं मिळून आणखी चांगले टिकतात. झिर्कोनिया, म्हणजे धातू नसलेलं पांढरं सिरॅमिक, या सगळ्यांत कणखर. तिची जुनी, जास्त अपारदर्शक जात हजारच्या आसपास जाते. नव्या, जास्त पारदर्शक जाती दिसायला सरस पण ताकदीला कमी.

झिर्कोनियाच्या बाबतीत वेळेचं गणित भट्टीमुळे बदलतं. कुंभाराचं कच्चं मडकं भट्टीत आकसतं तशी झिर्कोनियाची कॅपही भाजताना सुमारे २० टक्के आकसते, म्हणून मशीन ती तेवढी मोठी कोरतं. नेहमीच्या भट्टीत साधारण १५०० अंशांवर हे व्हायला सहा-आठ तास, कधी त्याहून जास्त लागतात. वेगवान भट्टी असेल तर अर्ध्या तासातही होतं, पण ती भट्टी आणि तिला चालणारी झिर्कोनिया दोन्ही दवाखान्यात हवीत. त्यामुळे बऱ्याच ठिकाणी "एका दिवसाची कॅप" म्हणजे लिथियम डायसिलिकेट, आणि झिर्कोनिया लॅबमधूनच येते. तुमच्या डॉक्टरांनी झिर्कोनियासाठी पाच दिवस मागितले तर ते मागासलेले आहेत असं समजू नका.

टिकण्याचं म्हणाल, तर पाच-पाच वर्षं पाठपुरावा केलेल्या अभ्यासांत धातूवरचं पोर्सेलिन काय आणि लिथियम डायसिलिकेट काय, शंभरातल्या नव्वदहून जास्त कॅप शाबूत दिसतात. दाताच्या आणि कॅपच्या मधली फट १२० मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) चालते असं मानतात, आणि चांगलं स्कॅन किंवा चांगलं माप, दोन्हींनी त्याच्या आत राहता येतं. वाईट घासलेल्या दाढेवर मात्र दोन्ही पद्धती सारख्याच हरतात. म्हणून डॉक्टरांचा हात आधी, मशीन मग.

मग कोणासाठी काय?

पहिली किंवा दुसरी दाढ, भिंती ठीक, काठ हिरडीच्या वर, शेजारचे दात चांगले, आणि माणूस लांबून येणारा: इथे एका दिवसाची कॅप मी मनापासून सुचवते. एकदाच बधिर करणं, तात्पुरत्या कॅपची कटकट नाही, दुसरी फेरी नाही. रूट कॅनल झालेल्या दाढेला आणखी एक फायदा होतो, ती त्याच दिवशी पक्की झाकली जाते; तात्पुरत्या कॅपच्या कडेने लाळ आत झिरपायला वाव राहत नाही. मधुमेहाचे, गुडघ्यांचे दुखणाईत, ज्यांना प्रत्येक फेरीला मुलगा किंवा सून सुट्टी काढून आणते, त्यांच्यासाठी एक फेरी वाचणं लहान गोष्ट नाही.

दाढेचा काठ हिरडीच्या खोल खाली गेला असेल तर मी लॅबची बाजू घेते. लिथियम डायसिलिकेट चिकटवताना दात पूर्ण कोरडा लागतो. कॅपच्या आतल्या बाजूला आम्लाने खरवडून, वर सायलेन नावाचं द्रव्य लावून, मग रेझिन भरतात. या कामात लाळ किंवा रक्त शिरलं की पकड गेलीच. जिथे कोरडं ठेवणंच शक्य नाही तिथे झिर्कोनिया किंवा धातू साध्या सिमेंटवर बसवलेला बरा.

रात्री दात खाणारे, तोंडात सुपारी फोडणारे, दाढा घासून सपाट झालेले लोक आपल्याकडे कमी नाहीत. त्यांच्या शेवटच्या दाढेला झिर्कोनिया किंवा सरळ धातूची कॅप. शेवटच्या दाढेवर धातू कोणाला दिसतो? तो पातळ लागतो, दात कमी घासावा लागतो, फुटत नाही, आणि सगळ्यांत स्वस्त. शेतात राबणाऱ्या आबा-आप्पांना मी ही कॅप सांगितली की कधीकधी मुलं रागावतात, "चांगलीच बसवा, पैशाचं बघू आम्ही." चांगली म्हणजे महाग, असं दातांत नसतं.

पुढचा एकच दात असेल तर घाई अजिबात नको. शेजारच्या दाताशी जुळणारा रंग, टोकाची पारदर्शकता, बारीक रेषा हे एका रंगाच्या ठोकळ्यातून सहजी येत नाही. लग्न चार दिवसांवर आहे म्हणून पुढच्या दाताची कॅप एका दिवसात मागणारे येतात. मी त्यांना चांगली तात्पुरती कॅप देते आणि पक्की लग्नानंतर करू म्हणते. लग्नाचा अल्बम तात्पुरत्या कॅपनेही छान येतो. तीन-चार दातांचा ब्रिज असेल तर लॅबच.

खर्चाचा क्रम साधारण असा: धातू, मग धातूवरचं पोर्सेलिन, मग झिर्कोनिया आणि लिथियम डायसिलिकेट. त्याच दिवशी करून देणारे बहुतेक लॅबच्या बिनधातू कॅपइतके किंवा थोडे जास्त घेतात, कारण मशीन महाग आहे. तुलना करताना गाडीभाडं, दोघांची बुडालेली मजुरी आणि दुसऱ्या फेरीचा दिवस त्यात धरा. तेव्हा कधीकधी महाग दिसणारी कॅप स्वस्त पडते. हातात पैसे कमी असतील तर धुळ्याच्या एसीपीएमसारख्या दंत महाविद्यालयात चौकशी करा. शिकणारे डॉक्टर शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात, फेऱ्या जास्त लागतात, खर्च कमी.

घरून निघण्याआधी

फोन करून विचारा: मशीन त्याच दवाखान्यात आहे की फक्त स्कॅनर आहे? हा प्रश्न महत्त्वाचा. नुसता स्कॅनर असेल तर माप संगणकावरून लॅबला जातं, पुट्टी वाचते, पण कॅप काही दिवसांनीच येते. "डिजिटल" असं पाटीवर लिहिलेलं असलं तरी त्यातून दिवस ठरत नाही. वीज गेली तर मशीन आणि भट्टीला बॅकअप आहे का, हेही विचारा. उन्हाळ्यात दुपारची वीज कशी खेळवते ते तुम्हाला माहीत आहेच, आणि अर्धवट कोरलेला ठोकळा फेकावा लागतो.

रूट कॅनल दुसऱ्या डॉक्टरांनी केलं असेल तर त्याचा एक्स-रे सोबत घ्या. तारीख अशी ठरवा की दुसरा दिवस मोकळा असेल. का ते पुढे सांगते. उपवासाच्या दिवशी येऊ नका. एकादशी, चतुर्थी, नवरात्रात उपाशी पोटी तीन तास तोंड उघडं ठेवून बसलेल्यांना हमखास चक्कर येते. नीट जेवून या, रक्तदाबाची आणि साखरेची गोळी नेहमीच्या वेळी घ्या. रक्त पातळ करणारी गोळी मनाने बंद करू नका. फक्त डॉक्टरांना सांगा.

चिकटवण्याआधी थांबा

पद्धत कुठलीही असो, सिमेंट लावलं की फेरफार अवघड. म्हणून कॅप नुसती बसवलेली असताना आरसा मागा आणि उजेडात रंग बघा. शेजारच्या दाताच्या मधून फ्लॉसचा दोरा ओढून दाखवायला सांगा: तो थोड्या जोराने, टक् करून उतरला पाहिजे. सहज घसरला तर तिथे रोज अन्न अडकेल. उतरलाच नाही तर कॅप घट्ट आहे. डॉक्टर निळा किंवा लाल कागद दातांत धरायला लावतील आणि "चावा" म्हणतील; जिथे जास्त रंग उमटतो तिथे कॅप उंच असते आणि तेवढी घासतात.

इथे एका दिवसाच्या पद्धतीत एक अडचण आहे, तिच्याबद्दल फार कोणी बोलत नाही. तुमचा जबडा तेव्हा बधिर असतो. बधिर जबड्याला कॅप उंच आहे की नाही हे कळत नाही, माणूस वाकडाच चावतो आणि "बरोबर आहे" म्हणतो. बधिरपणा उतरायला दोन-चार तास लागतात, तोवर गाडी अमळनेरच्या पुढे गेलेली असते. म्हणून मी लांबच्या रुग्णाला कॅप बसल्यावर लगेच सोडत नाही. बाहेर बसा, पाणी प्या, जीभ-गाल जागे झाले की परत खुर्चीवर या, पुन्हा कागद चावा. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलं नाही तरी तुम्ही हे मागा. आणि घरी गेल्यावर पहिल्या घासाला तीच दाढ आधी टेकते असं वाटलं तर "सवय होईल" म्हणून बसू नका. उंच कॅपची सवय होत नाही. दाढ दुखायला लागते किंवा पोर्सेलिन फुटतं. दुसऱ्या दिवशी जाऊन दोन मिनिटांत घासून घ्या. म्हणून तो दुसरा दिवस मोकळा ठेवायला सांगितला.

बिलावर चार गोष्टी लिहून घ्या: दाताचा क्रमांक, कॅप कशाची आहे, रंग, आणि कंपनीचं हमीपत्र असेल तर त्याचा नंबर. खालची उजवी पहिली दाढ ४६ आणि खालची डावी ३६, अशी ती क्रमांकांची पद्धत असते. उद्या पुण्याला किंवा सुरतला मुलाकडे राहायला गेलात तरी तिथल्या डॉक्टरांना या कागदावरून सगळं कळतं.

पहिला दिवस आणि पुढची वर्षं

बधिरपणा असेपर्यंत खाऊ नका, गरम चहाही नको. गाल आणि जीभ चावली जाते आणि कळतही नाही. पहिला दिवस खिचडी, वरण-भात. दुसऱ्या दिवसापासून शेवभाजी, भरीत-भाकरी, कळण्याची भाकरी, सगळं खा. तुपात भिजवलेली बट्टी चालते. वाळकी, कडक बट्टी मात्र मोडून, भिजवून. ऊस दाताने सोलणं, सुपारी आणि बोराच्या बिया फोडणं, बाटलीचं झाकण उघडणं हे त्या दाढेने कधीच नाही, आणि खरं तर कुठल्याच दाढेने नको.

कॅपला कीड लागत नाही, पण कॅप जिथे संपते तिथे तुमचाच दात असतो, आणि कीड तिथूनच शिरते. निकामी झालेल्या कॅप उघडल्या की मला बहुतेक वेळा कड काळी पडलेली आणि आत भुसभुशीत दात सापडतो. म्हणून ब्रश हिरडीच्या रेषेवर फिरला पाहिजे, आणि दोन दातांच्या फटीत फ्लॉस किंवा छोटा फटीतला ब्रश. मिश्रीने नेमकी हीच रेषा झिजते. कॅप बसवल्यावर मिश्री सोडा असं मी प्रत्येक काकूंना, मावशींना सांगते. तंबाखूचा विडा गालात त्याच दाढेजवळ धरला तर हिरडी खाली सरकते आणि काठ उघडा पडतो, पुढचं दुखणं तर त्याहून मोठं. रात्री दात खात असाल तर नाइट गार्ड, म्हणजे झोपताना दातांवर घालायचं प्लास्टिकचं आवरण, करून घ्या. सहा महिन्यांनी एकदा दाखवा, दुखत नसलं तरी.

कॅप निघाली किंवा दुखली तर

निघालेली कॅप कागदात गुंडाळून डबीत ठेवा आणि सोबत आणा. आतला दात ठीक असेल तर बऱ्याचदा तीच परत बसते. फेविक्विकने चिकटवू नका. ते तोंडासाठी नाही, वाकडी चिकटलेली कॅप काढताना दाढ मोडते. रात्रीपुरती सैल कॅप तशीच बसवून झोपूही नका, झोपेत गिळली किंवा श्वासनलिकेत गेली तर जिवावर बेतेल. पोर्सेलिनचा छोटा टवका उडाला असेल तर डॉक्टर तो गुळगुळीत करून देतात किंवा फिलिंगने भरतात, लगेच नवी कॅप लागतेच असं नाही. ज्या दाढेचं रूट कॅनल झालेलं नव्हतं तिला कॅपनंतर थंड-गरम काही दिवस लागू शकतं. पण ठणका रात्री झोपेतून उठवत असेल, किंवा हिरडीवर पुळी आली असेल, तर वाट बघू नका. गरज पडली तर कॅप न काढता तिच्यातूनच भोक पाडून रूट कॅनल करता येतं आणि ते भोक नंतर बुजवता येतं.